मोबाईल बाईंच्या हातात हवा, मुलांच्या नाही

बालवाडी शिक्षिकांच्या कोर्सला मी सोलापुरात शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुली पूर्व भागातल्या, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या. मोबाईल प्रत्येकीकडे आहे, व्हिडिओ भराभर बनवतात. पण पाठाच्या दिवशी तोच मोबाईल मुलांसमोर काढायचा म्हटलं की हात थरथरतात.

चूक आमची आहे. शैक्षणिक तंत्रज्ञान आम्ही फळ्यावर शिकवतो! व्याख्या, प्रकार, फायदे-तोटे. पेपरात मार्क पडतात, धीर येत नाही.

गेल्या वर्षी मी एवढंच सांगितलं, आपल्या गल्लीतले पाच आवाज रेकॉर्ड करून आणा. कुणी मागाचा खटखटाट आणला, कुणी कडक भाकरी थापतानाचा आवाज, आणि एकीनं आजीची तेलुगू अंगाई. सरावाच्या बालवाडीत एक पोरगा जूनपासून तोंड उघडत नव्हता. अंगाई लागली आणि तो तेलुगूत बोलतच सुटला. ही मुलगीही त्याच्याशी तेलुगूतच बोलली. तोवर पाठाच्या वेळी ती आपली भाषा लपवायची, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसानंतर तिला मोबाईलची भीती वाटलेली मी पाहिली नाही.

लहान वयात घरच्या भाषेतून शिकवा, असं २०२० चं शैक्षणिक धोरण सांगतं. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी एका वर्गात बसणाऱ्या आपल्या शहरात ते कसं करायचं, याचं एक उत्तर त्या दीड मिनिटाच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. त्यात पोरांना स्क्रीन दाखवावी लागत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला तासाभराहून जास्त नको, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय. म्हणून यूट्यूबवरची बडबडगीतं लावून बाजूला बसणं मला अजिबात पटत नाही.

अंगणवाडी सेविकांचंही सांगते. २०२१ पासून त्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये मुलांची वजन-उंची भरतायत. त्यांना मोबाईल येत नाही असं कोण म्हणेल? पण तो त्यांच्यासाठी रजिस्टर झालाय, माहिती भरायची राहिली तर बोलणी खायची वस्तू. शिकवायला म्हणून तो हातात कुणी दिलाच नाही.

आपल्याच जिल्ह्यात, परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मग बालवाडीच्या बाईंना सराव द्यायला हात आखडता का?

यंदा प्रत्येक सरावाच्या बालवाडीत एक स्पीकर ठेवायचाय. घरी जुना, चालू ब्लूटूथ स्पीकर पडून असेल तर मेसेज करा. सहा लागतील.