गव्हाची व्होडका आणि आमटीचं झाकण

सध्या एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: सिलिअ‍ॅक (गहू, बार्लीसारख्या धान्यातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्यांनी गव्हाची व्होडका किंवा बार्लीची व्हिस्की घेतली तर ग्लुटेन थेट पोटात जातं, चालते ती फक्त बटाट्याची नाहीतर मक्याची व्होडका, आणि बाटलीवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं नसेल तर हात लावू नका. माझ्या मावसभावाला चार महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅकचं निदान झालं. त्यानं हे वाचून मला फोन केला, “ताई, मग बीअरच बरी ना? ती सौम्य असते.” मला स्वतःला हा आजार नऊ वर्षं आहे. तो प्रश्न ऐकून पोटात गोळा आला.

धान्यात ग्लुटेन म्हणजे दारूतही ग्लुटेन, हा फॉरवर्डचा मूळ मुद्दा. पण ग्लुटेन हे प्रथिन आहे आणि प्रथिनाची वाफ होत नाही. अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. भट्टीत आंबवण तापलं की त्याची वाफ वर जाते, थंड होते आणि पलीकडे थेंबाथेंबानं गळते. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. धान्याचा चोथा, प्रथिनं, सगळं मागे भांड्यातच राहतं. पटत नसेल तर आमटी मंद आचेवर ठेवून वर झाकण घाला. थोड्या वेळानं झाकण उचला आणि आतल्या बाजूचा थेंब बोटावर घेऊन चाखा. फोडणीचा वास येईल, पण थेंब पिवळा नसेल आणि खारटही लागणार नाही. व्हिस्कीला धान्याचा गंध असतो तोही असाच, वाफेबरोबर आलेला. गंध आला म्हणून ग्लुटेन आलं असं होत नाही.

बटाट्याचीच हवी, हा हट्टही मग गळून पडतो. अ‍ॅब्सोल्यूट स्वीडनच्या गव्हाची, ग्रे गूज फ्रान्सच्या गव्हाची, बेल्व्हेडेअर पोलंडच्या राय या धान्याची. टिटोज मक्याची, सिरॉक द्राक्षांची. नुसती, बिनफ्लेवरची व्होडका असेल तर ग्लुटेनपुरत्या या सगळ्या सारख्याच. ज्यादा पैसे मोजायचे तर चवीसाठी मोजा. आपल्याकडची रम तर उसाच्या मळीची, गोव्याची फेणी काजूच्या बोंडांची किंवा माडाची आणि मोहाची दारू फुलांची. तिथे गव्हाचा प्रश्नच येत नाही.

लेबलचं म्हणाल तर युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमात अ‍ॅलर्जीकारक घटकांच्या यादीतून ऊर्ध्वपातित दारूसाठी वापरलेलं धान्य वगळलेलं आहे. अमेरिकेतही २०२० पासून गव्हाच्या व्होडकावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिता येतं, मात्र नंतर ग्लुटेन मिसळणार नाही याची काळजी उत्पादकानं घ्यावी लागते. लिहिणं ऐच्छिक आहे. त्यामुळे लेबल नाही म्हणून बाटली वाईट ठरत नाही.

तरीही काहींना व्होडका घेतल्यावर त्रास होतो आणि तो त्रास खोटा नाही. निदान नवं असताना आतडं अजून भरून आलेलं नसतं आणि अल्कोहोल स्वतःच पोटाला झोंबतं. अशा वेळी थांबावं, डॉक्टरांना विचारावं. पण खापर गव्हावर फोडू नये.

माझा खरा राग आहे तो फॉरवर्डनं जे गाळलंय त्यावर. ऊर्ध्वपातनानंतर बाटलीत काय मिसळलं, हे बघायला हवं: फ्लेवर, क्रीम, मॉल्टचा (म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा) अर्क. अमेरिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथलं स्मिर्नऑफ आइस हे मॉल्टचं पेय आहे, व्होडकाचं नाही. आणि बीअर! ती ऊर्ध्वपातित होतच नाही. बार्ली भिजवली, आंबवली, गाळली, भरली. नेहमीची बीअर सिलिअ‍ॅकवाल्यासाठी वर्ज्यच, कितीही सौम्य असली तरी. गव्हाच्या व्होडकाला घाबरून माणूस बीअरकडे वळला तर त्या फॉरवर्डनं त्याचं थेट नुकसान केलं.

आणि चकणा? ग्लासापेक्षा बशीत धोका जास्त असतो. रवा लावून तळलेली सुरमई म्हणजे गहूच. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं आणि तो हिंग शेवेत, पापडात, मसाला शेंगदाण्यांत कुठेही असू शकतो. निदानानंतरचं पहिलं वर्षभर मी बाटल्यांची लेबलं वाचत बसले आणि रवा फ्राय खात राहिले.

गेल्या आठवड्यात भाऊ मालवणला गेला होता. खानावळीत ऑर्डर देण्याआधी त्यानं विचारलं, “मासा नुसत्या तांदळाच्या पिठात तळाल का? आणि तवा धुऊन, ताज्या तेलात?” मावशींनी तवा धुऊन आणून त्याला दाखवला.