आपल्याच माणसांनी वाळीत टाकलं तर कलम कुठलं?

गेल्या काही दिवसांत एक लांबलचक मेसेज मला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचा सारांश असा: महाराष्ट्रातला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा रद्द करा. कारणं पाच. आधीचे कायदे पुरेसे आहेत. कोणाशी संबंध ठेवायचे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. जातपंचायत म्हणजे गरिबाचं कोर्ट आहे. सुप्रीम कोर्टाने असाच कायदा १९६२ साली रद्द केला होता. आणि या कायद्याखाली शिक्षा तर कोणाला होतच नाही.

पाठवणारी माणसं माझ्या घरातली आहेत, चांगली आहेत. म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

'अ‍ॅट्रॉसिटी आहे, संविधान आहे, आणखी कायदा कशाला?'

माझ्या मावशीचं घर रायगड जिल्ह्यात आहे. हा कायदा येण्याआधीची गोष्ट. मावसभावाने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलं. गावकी बसली. मुलाला तोडा, नाहीतर पंचवीस हजार दंड भरा आणि गावजेवण घाला. मावशी म्हणाली, मुलालाही तोडणार नाही आणि दंडही भरणार नाही. त्या रात्रीपासून घर वाळीत.

वाळीत म्हणजे काय, ते बाहेरून कळत नाही. मावशी दळण घेऊन गिरणीवर गेली. आत पट्टा फिरत होता, दारात पीठ उडत होतं आणि गिरणीवाला म्हणाला, 'आज बंद आहे.' मग दोन वर्षं दळण शेजारच्या गावातून, एसटीने. गणपतीत आमच्याकडे आरतीची मंडळी घरोघर फिरतात. त्या वर्षी मावशीने पाटावर प्रसाद काढून ठेवला होता. टाळ-मृदंगाचा आवाज शेजारच्या घरात आला, बाहेर पडला, अंगणासमोरून गेला आणि पलीकडच्या घरात शिरला. लहान पोरं मागे वळून बघत होती, त्यांना मोठ्यांनी हाताला धरून पुढे नेलं. दुसऱ्या वर्षी काका वारले. गावातलं कोणी फिरकलं नाही. दोन मुलं, मी, आणि चौथा खांदा सुनेच्या वडिलांनी दिला. ज्यांच्या जातीवरून हे सगळं सुरू झालं, तेच एकटे धावून आले.

मावशी पोलिसांत गेली होती. फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, 'ताई, मारहाण झालीय का?' नाही. 'शिवीगाळ, धमकी?' नाही. 'मग मी कलम कुठलं लावू?'

तो माणूस टाळत नव्हता. त्याच्याकडे खरंच कलम नव्हतं. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे, पण त्यासाठी पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची हवी आणि आरोपी त्याबाहेरचा हवा. १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि संविधानाचं सतरावं कलम अस्पृश्यतेविरुद्ध आहेत. मावशीची जात आणि गावकीची जात एकच. खंडणीचा गुन्हा पुरा व्हायला पैसे द्यावे तरी लागतात, आणि मावशीने एक रुपया दिला नाही. म्हणजे ती जितकी ताठ उभी राहिली, तितकी कायद्याला दिसेनाशी झाली. वरच्याने खालच्यावर घातलेला बहिष्कार जुन्या कायद्यांना दिसत होता, आपल्याच माणसांनी घातलेला दिसत नव्हता. महाराष्ट्राने २०१६ साली विधिमंडळात मंजूर केलेला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७मध्ये लागू झालेला कायदा नेमक्या याच जागेवर बोट ठेवतो. एकाच समाजातल्या माणसांनी आपल्यातल्या कुणाला लग्न, मयत, सण, सभागृह, स्मशान, व्यवहार यांपासून तोडलं तर तो गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कार घालण्यासाठी बैठक भरवणं हाही गुन्हा.

'मी कोणाशी बोलावं हे सरकार ठरवणार का?'

नाही. तुमचं शेजाऱ्याशी पटत नाही, तुम्ही त्याच्या लग्नाला गेला नाहीत, तर तुमच्या दारात पोलीस येत नाहीत. प्रश्न एकट्या माणसाच्या रुसव्याचा नाही, सगळ्यांनी मिळून घातलेल्या बंदीचा आहे. मावशीची शेजारीण अंधार पडल्यावर मागच्या दाराने यायची, पदराखाली दुधाचा तांब्या घेऊन. तिला बोलायचं होतं. पण उघड बोलली असती तर तिलाही दंड बसला असता. कोणाशी बोलावं हा हक्क खरंतर त्या बाईचा हिरावला गेला होता, आणि तो गावकीने हिरावला होता, सरकारने नाही.

बहिष्कार हे हत्यार आहे, ही ओळख आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य असलेल्या मुंबई इलाख्यातल्या स्टार्ट समितीने १९३०च्या अहवालात लिहिलं होतं, की दलितांना दडपायला याहून परिणामकारक हत्यार शोधून सापडणार नाही. बाबासाहेबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावोगावच्या माणसांना हेच भोगावं लागलं. महाड आमच्याच जिल्ह्यात. पुढे १९४७ साली संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात त्यांनी बहिष्काराला स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातला १९२२चा बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला. ही मागणी आपल्याकडे किती जुनी आहे, ते यावरून कळावं.

'जातपंचायत म्हणजे गरिबाचं कोर्ट.'

मेसेजमधला हा एकच मुद्दा मला थांबवतो, कारण त्यात खरं काहीतरी आहे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि तो कायदा १९५२ साली गेला. ज्या माणसाला पोलीस दिसला की पळायचं शिकवलं गेलं, त्याने कुठल्या कोर्टात जायचं? पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या समाजांच्या पंचायती भरायच्या आणि तिथे भांडणं मिटायचीही. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण तिथे बाई बोलू शकत होती का? कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनीच २०१८च्या सुमाराला लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध मोहीम उघडली. पंचांपुढे पांढरी चादर ठेवायची आणि नवऱ्या मुलाने 'माल खरा' की 'खोटा' ते सांगायचं, असली ती रीत. त्या मुलांना पिंपरीत एका लग्नात मारहाण झाली, बहिष्काराला तोंड द्यावं लागलं. नाशिकला २०१३ साली जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानेच गळा आवळला. पंचायतीचा दबाव त्या घटनेच्या मुळाशी होता, आणि त्यानंतरच अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर तिच्यात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा पुण्यात खून झाला.

समाजाने एकत्र बसायला या कायद्याची हरकत नाही. भांडण मिटवा, शिष्यवृत्त्या द्या, सामुदायिक विवाह लावा. फक्त माणूस तोडू नका.

'सुप्रीम कोर्टाने हा कायदा आधीच रद्द केलाय.'

हा नाही, दुसरा. मुंबई राज्याचा १९४९चा बहिष्कृतीविरोधी कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ साली रद्द झाला. धार्मिक कारणाने सभासदाला बाहेर काढणं हा धर्मपंथाचा अंतर्गत अधिकार आहे, असं बहुमताने म्हटलं. सरन्यायाधीश सिन्हांचं मत तेव्हाही वेगळं होतं. आणि फेब्रुवारी २०२३मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न फेरविचारासाठी नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. गावकीने मावशीचं दळण बंद करणं हा कुठला धर्मपंथ, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

'शिक्षा कोणाला होते?'

फार थोड्यांना, हे मान्य. साक्षीदार त्याच गावात राहतात, गुन्हा जामीनपात्र आहे, कोर्टाच्या परवानगीने तडजोडीलाही वाव आहे. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपावा असं कायदा म्हणतो, पण तसं होताना दिसत नाही. यावर उपाय कायदा रद्द करणं हा नाही. कायद्यात सांगितलेले बहिष्कार प्रतिबंध अधिकारी सगळीकडे नेमा, त्यांची नावं पोलीस ठाण्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, पंचायत भरणार असल्याची खबर लागली की जिल्हाधिकाऱ्यांनी ती आधीच थांबवावी. आणि बाकीच्या राज्यांनीही असे कायदे करावेत, कारण पंचांचा धाक राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. हा मजकूर ज्याच्या उपयोगी पडेल त्याच्यासाठी. पोलीस ठाण्यात जाताना कायद्याचं पूर्ण नाव कागदावर लिहून न्या: 'महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६'. बैठक कधी झाली, कुठे झाली, कोण हजर होतं, दंड किती सांगितला ते लिहा. आणि गिरणीवाला 'आज बंद आहे' म्हणाला, तर ती तारीख आणि वेळ त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा.