राणीची बाग अर्ध्या तासात?

तुमच्या मुंबई सहलीवरच्या लेखात "राणीची बाग अर्ध्या तासात उरकावी, पोरांना पेंग्विन दाखवले की झालं" असं लिहिलंय, ते पटलं नाही. त्याच आवारात भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं. त्याचा उल्लेखच नाही! आणि भाऊ दाजी मूळ आमच्या पेडण्याकडचे, त्यामुळे गोव्यातून जाणाऱ्याने तर ते चुकवूच नये. आम्ही कोकणकन्याने उतरून थेट तिथे गेलो होतो. जुन्या मुंबईतले वेगवेगळ्या धंद्यांचे आणि जातीजमातींचे लोक मातीच्या वीत-दीड वीत बाहुल्यांत उभे केलेत. आमची आई एकेका पगडीपाशी थांबत होती, तिथेच दोन तास गेले. बाहेर दगडी हत्ती आहे तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तुकडे झाले, म्हणून इथेच राहिला. (फक्त बुधवारी जाऊ नका, सुट्टी असते. आमची पहिली खेप अशीच फुकट गेली.)

संध्याकाळी दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक बघा, हे मात्र बरोबर सांगितलंत. पण आम्ही जत्रेतली नाटकं बघून वाढलेले, पालखी देवळात परतल्यावर पडदा वर जाणार हे गृहीत धरलेलं. तिथे तिसरी घंटा झाली की अंधार! चहाचा कप हातात घेऊन आमचे काका पहिला प्रवेश बाहेरच ऐकत बसले.