तिजोरीच्या किल्ल्या हव्यात? मग मतं मागा

घरात एखादा मुलगा हिशेबात कच्चा पण गल्लीत सगळ्यांचा लाडका असेल, तर त्याला बँकेच्या परीक्षांना बसवून त्याच्या तारुण्याचं वाटोळं करू नका. आपल्या देशात त्याला वाव नाही. इथे कॅगला राष्ट्रपती नेमतात, राज्याचा अर्थमंत्री मुख्यमंत्री ठरवतात, आणि सरकारी पैशाचा राखणदार स्वतः निवडण्याची मजा जनतेच्या वाट्याला कधी येतच नाही. अमेरिकेत येते. तिथल्या बऱ्याच राज्यांत खजिनदार, ऑडिटर किंवा कंट्रोलर ही पदं थेट निवडणुकीने भरली जातात. मतपत्रिकेवर गव्हर्नरच्या (म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारख्या राज्यप्रमुखाच्या) नावाखाली, बरंच खाली, ही नावं असतात. तिथवर पोचेपर्यंत मतदार दमलेला असतो. तो पक्ष बघतो, ओळखीचं वाटणारं नाव बघतो आणि खूण करून मोकळा होतो. तेव्हा पोराला नागरिकत्व मिळवून द्या आणि पुढचं नीट वाचा.

पहिलं भांडवल म्हणजे प्रामाणिकपणाची ख्याती. प्रामाणिकपणा नव्हे, ख्याती. या विषयातला आद्यगुरू म्हणजे केंटकी राज्याचा जेम्स टेट. सचिवालयात आणि विधानसभेच्या कचेरीत कारकुनी करून तो १८६७ मध्ये राज्याचा खजिनदार म्हणून निवडून आला. खजिनदाराची मुदत दोनच वर्षांची, त्यामुळे दर दोन वर्षांनी निवडणूक. टेट दर वेळी उभा राहिला आणि दर वेळी जिंकला, वीस वर्षं. गव्हर्नर आले आणि गेले, टेट तिजोरीपाशीच. लोक त्याला ‘ऑनेस्ट डिक’ म्हणत. आता ज्याला अख्खं राज्य प्रामाणिक म्हणतं त्याच्या वह्या तपासायला मागणं किती असभ्य दिसेल, विचार करा. वीस वर्षं कुणी तो असभ्यपणा केला नाही. चांगली माणसं होती ती.

ही ख्याती टिकवायची कशी? उसनवारीने. टेटच्या तिजोरीत नोटांच्या सोबतीला चिठ्ठ्या असत. कुणी पगारातून उचल घेतलेली, कुणी ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणून नेलेले. घेणाऱ्यांत अधिकारी होते, राजकारणी होते, मित्रमंडळी होती. तो स्वतःही जमिनीत, कोळशाच्या खाणीत पैसे घालत होता, पण त्याची खरी गुंतवणूक या चिठ्ठ्यांमध्ये होती. ज्याची चिठ्ठी तुमच्या खणात आहे तो तुमच्या खणाची चौकशी करा असं भर सभागृहात उठून कशाला म्हणेल? तेव्हा शिकवणी अशी: तळं राखायला मिळालं तर पाणी एकट्याने चाखू नका. गावाला घोट घोट पाजा. सगळ्यांचे ओठ ओले असले की कुणाचे ओले आहेत, हा प्रश्नच उरत नाही.

अडचण येते ती विरोधी पक्षाची, कारण त्यांना बहुधा कुणी उसने दिलेले नसतात. १८८७ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार विल्यम ब्रॅडली गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि तिजोरीची तपासणी करा म्हणून ओरडू लागला. तो पडला. टेट पुन्हा निवडून आला. पण निवडून आलेला गव्हर्नर सायमन बोलिव्हर बकनर हा जुना सेनानी. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढताना फोर्ट डोनल्सनचा किल्ला उत्तरेच्या सेनापती ग्रँटच्या स्वाधीन करावा लागला तो हाच. त्याला एकदा हरल्याचा अनुभव पुरेसा असावा. तपासणीची हालचाल सुरू झाली. अशा वेळी घाबरायचं नाही. वह्या जरा नीट लावून देतो, थोडा वेळ द्या, म्हणायचं. टेट तेच म्हणाला, आणि त्याला वेळ मिळाला. आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत खजिनदार हेच म्हणतो आणि त्यालाही मिळतो, तेव्हा केंटकीला हसण्याचं कारण नाही.

मिळालेल्या वेळात टेटने वह्या लावल्या नाहीत, सामान लावलं. सोन्याचांदीची नाणी तंबाखूच्या दोन पोत्यांत भरली, नोटांचं जाड भेंडोळं घेतलं. कचेरीतल्या कारकुनाने हे पाहिलंसुद्धा, पण बोंब कुणी मारली नाही. खजिनदार पैसे घेऊन कुठेतरी जाणारच, त्याचं कामच ते. १४ मार्च १८८८ रोजी तो केंटकीची राजधानी फ्रँकफर्टहून लुइव्हिलला कामासाठी म्हणून गेला आणि तिथून सिनसिनाटीच्या गाडीत बसला. पैसे गेल्याचं जाहीर व्हायला २० मार्च उजाडला. मधल्या दिवसांत ऑनेस्ट डिकवर संशय घेण्याचं पाप आपल्या हातून घडू नये, अशी काळजी सगळ्यांनी घेतली. तूट निघाली सुमारे २,४७,००० डॉलरची. धरून देणाऱ्याला बक्षीस लावलं ५,००० डॉलरचं, म्हणजे जेमतेम दोन टक्के. इतक्या कमी दलालीत कोण हात घालणार?

टेट सापडला नाही. सभागृहाने त्याच्यावर महाभियोग चालवला, सिनेटने रिकाम्या खुर्चीसमोर खटला ऐकला, सहापैकी चार आरोपांत त्याला दोषी धरलं आणि जी जागा तो सोडून गेला होता तिथून त्याला रीतसर काढून टाकलं. पुढे राज्य चालवायला पैसा नाही म्हणून गव्हर्नर बकनरने स्वतःच्या खिशातून सरकारला कर्ज दिलं. (हा मार्ग नवशिक्यांनी धरू नये. तिजोरीतून घरी हा राजरस्ता आहे, घरातून तिजोरीत गेलेल्याचा कुणी पुतळा उभारत नाही.) मागे राहिलेल्या मुलीला परदेशांतून पत्रं आली, त्यांतली काही जपान आणि चीनकडची. पुढे तीही थांबली.

खरा विनोद यानंतर आहे. केंटकीने १८९१ मध्ये नवं संविधान केलं आणि राज्यभरातून निवडून येणाऱ्या पदाधिकाऱ्यांना लागोपाठ दुसऱ्यांदा त्याच पदावर बसायला बंदी घातली. त्यामागे इतरही कारणं असतील, पण टेट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. ही बंदी १९९२ पर्यंत टिकली. म्हणजे पळाला एक खजिनदार आणि पुढची शंभर वर्षं कुठल्याच खजिनदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता आलं नाही. वह्या दर वर्षी तपासा हा उपाय कंटाळवाणा होता, त्यापेक्षा माणूसच बदलत राहणं सोपं.

पळून जाणं ही पद्धत आता जुनी झाली. विमानतळावर तंबाखूची पोती उघडायला लावतात. आधुनिक मुलाने इलिनॉयच्या ऑर्व्हिल हॉजचा अभ्यास करावा. १९५२ मध्ये तो राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. हसरा, दिलदार, पुढेमागे गव्हर्नर होईल असं लोक बोलत. लपूनछपून खाण्यावर त्याचा विश्वास नव्हता. दोन विमानं, मोटारींचा ताफा, फ्लोरिडात घर. ऑडिटरच्या पगारात हे बसत नाही, हे समजायला ऑडिटर असावं लागत नाही. पण इतकं उघडपणे दाखवणारा माणूस चोर कसा असेल? सरकारी धनादेश कुणाच्याही नावाने काढायचे, खोट्या सह्या ठोकायच्या आणि शिकागोतल्या एका बँकेत वटवायचे, अशी साधी रीत होती. त्यातलं सौंदर्य असं की, त्या काळी इलिनॉयमध्ये राज्याच्या बँकांवर देखरेख ठेवण्याचं कामही ऑडिटरकडेच होतं. बँकेला संशय आला तर तिने तक्रार करायची ती हॉजकडे.

१९५६ मध्ये शिकागो डेली न्यूजच्या बातमीदारांनी हा संसार मोडला आणि त्याबद्दल त्या वर्तमानपत्राला पुलित्झर मिळालं. हॉजने गुन्हा कबूल केला. आकडा पंधरा लाख डॉलरच्या पुढे गेला होता. शिक्षा १२ ते १५ वर्षांची झाली, पण काही वर्षांतच तो सुटला आणि गावी बहिणीच्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला. तिथला गल्ला कोण मोजत असे, याची चौकशी मी केलेली नाही.

एका बाईपासून मात्र पोराला लांब ठेवा. टेक्सासमध्ये मार्था व्हाइटहेड १९९४ मध्ये खजिनदार म्हणून निवडून आल्या. प्रचार काय केला, तर हे पदच अनावश्यक आहे, मला निवडा म्हणजे मी ते बंद करते. निवडून आल्यावर माणसाला शहाणपण सुचतं, यांना सुचलं नाही. १९९५ मध्ये मतदारांनी पद रद्द करायला मंजुरी दिली, १९९६ मध्ये काम दुसऱ्या खात्याकडे सोपवून कचेरीला टाळं लागलं. तिजोरीपाशी पोचून स्वतःची खुर्ची मोडणारा माणूस कोणत्याही राजकीय कुटुंबात जन्माला येऊ नये.

उच्च शिक्षण झालेल्या मुलांसाठी न्यूयॉर्कचा ॲलन हेवेसी. राज्यशास्त्राचा प्राध्यापक, आधी शहराचा कंट्रोलर, २००२ मध्ये निवडून येऊन पुढे राज्याचा. न्यूयॉर्कच्या कंट्रोलरच्या हाती राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा प्रचंड निधी असतो आणि त्याचा तो एकटा विश्वस्त असतो. समिती नाही, मतदान नाही, ‘जरा थांबा साहेब’ म्हणणारा कुणी नाही. या निधीतून २५ कोटी डॉलर एका गुंतवणूक कंपनीत घातल्यावर त्याला सुमारे दहा लाखांचे लाभ मिळाले. परदेशी सहली होत्या, निवडणूक निधी होता. हे सगळं बाहेर आलं पुढे, २०१० मध्ये त्याने कबुली दिल्यावर. पुढच्या वर्षी तो तुरुंगात गेला.

पण त्याची खुर्ची गेली ती इतक्या मोठ्या रकमेमुळे नव्हे, बायकोच्या ड्रायव्हरमुळे. सरकारी पगारावरचा माणूस वर्षानुवर्षं तिच्या दिमतीला होता. २००६ मध्ये विरोधी उमेदवाराने तक्रार केली, तीही कुठे, तर सरकारी पैशाची उधळपट्टी कळवण्यासाठी हेवेसीच्याच कचेरीने चालवलेल्या फोनवर. पैसे भरायचे विसरलो, असं म्हणून त्याने ८२,००० डॉलरहून जास्त रक्कम भरली. तेवढ्याने भागलं नाही, एकूण देणं दोन लाखांपुढे गेलं. हे सगळं पेपरात छापून येत असताना ७ नोव्हेंबरला निवडणूक झाली आणि मतदारांनी त्याला चांगल्या मताधिक्याने पुन्हा निवडून दिलं. २२ डिसेंबरला गुन्हा कबूल करून त्याने पद सोडलं.

म्हणून पोराला परदेशी पाठवण्याआधी सूनबाईंना गाडी चालवायला शिकवा. ड्रायव्हिंग स्कूलची फी स्वतःच्या खिशातून भरा आणि पावती मागून घ्या.