दोन वितींची उडी

२३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरला आणि इकडे विक्रोळीत फटाक्यांच्या माळा लागल्या. आम्हाला जरा जास्तच चढली होती, कारण यान घेऊन गेलेल्या रॉकेटची विकास इंजिनं इथल्याच गोदरेजमध्ये बनतात. पेढे मीही खाल्ले. दोन.

पण मला विचाराल तर त्या मोहिमेतला मोठा दिवस ३ सप्टेंबर. त्या दिवशी साधी टिकलीसुद्धा वाजली नाही.

विक्रमने बाहेर काढलेली उपकरणं दुमडून घेतली, इंजिनं पुन्हा पेटवली, साधारण ४० सेंटीमीटर वर उठला आणि तेवढाच बाजूला जाऊन टेकला. मग दुमडलेलं सगळं परत उघडलं. त्याच सुमारास संकष्टी होती. आई गॅलरीतून ढगांत चंद्र शोधत होती, तिला बातमी वाचून दाखवली. तिने हवेतच वीत टाकून मोजलं. "दोन विती? त्यात काय एवढं?"

आई, चंद्रावर आदळायला १९५९ मध्येच जमलं होतं. मेख आहे ती परत निघण्यात! अमेरिकेच्या अपोलोवाल्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली. सोव्हिएत लुना-१६ ने १९७० मध्ये माणूस न पाठवता आणली ती जेमतेम १०१ ग्रॅम. चीनने २०२० मध्ये १७३१ ग्रॅम आणि २०२४ मध्ये थेट पलीकडच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूची. देश एवढेच तीन.

आपण उसन्या मातीवर अभ्यास केला. ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स मुंबईत येऊन गेले, त्याचं केवढं कौतुक झालं. पण कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी चंद्रावरच्या मातीच्या कणांत वैश्विक किरणांनी पाडलेले ओरखडे तपासत होते, हे किती मुंबईकरांना माहीत आहे?

आता चांद्रयान-४ स्वतःची माती आणायला जाणार. सप्टेंबर २०२४ मध्ये २१०४ कोटी मंजूर झाले. पाच भाग, दोन रॉकेटं, जोडाजोडी वर अंतराळात. जोडणीची तालीम जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स या उपग्रहजोडीने केली. उठण्याची तालीम म्हणजे त्या दोन विती. (आधी रस्त्यांवरचे खड्डे बुजवा म्हणणाऱ्यांनो, खड्डे पैशाअभावी राहिलेले नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.) २०४० पर्यंत आपला माणूस उतरवायचा बेत आहे. त्याला तर परत आणावंच लागेल.

परवाच्या संकष्टीला हे सगळं आईला पुन्हा ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, "मग या वेळी फटाके कधी लावायचे?"

"माती घेऊन कुपी खाली उतरली की."

"तोवर सादळतील रे."