दिवा लागला की म्हणे सेन्सर बदला

पोकलेनच्या मॉनिटरवर पिवळा दिवा लागला की आपल्याकडच्या मिस्त्रीच्या तोंडातून एकच शब्द बाहेर पडतो. सेन्सर! केबिनमध्ये चढायचं नाही, कोड बघायचा नाही, फिल्टर खोलायचा नाही. खाली उभं राहून तंबाखू मळता मळता निकाल देऊन मोकळं. "शेठ, सेन्सर गेलंय बगा. नवं टाकून देतो." अरे बाबा, कुठला सेन्सर? कशावरून गेला? तर म्हणे, "या मॉडेलला हाच प्रॉब्लेम असतोय."

माझी मशीन जुनी घेतलेली. 20 टनी, कॉमन रेल इंजिन, म्हणजे पंप डिझेल दाबून 'रेल' नावाच्या एका सामाईक नळीत भरतो, तिथून ते इंजिनात जातं. गेवराईकडं शेततळ्याचं काम धरलं होतं, मे महिना, ऊन असं की बूमला हात लावायची सोय नाही. रिकामी फिरवली तर मशीनची काही तक्रार नव्हती. वरची माती, मुरूमसुद्धा ओढायची. खाली कठीण लागलं आणि बकेट दाबली की थोड्या वेळात आरपीएम पडायचा, दिवा लागायचा, इंजिन दबायचं. ऑपरेटर झारखंडचा पोरगा, उतरून म्हणायचा, "सेठ, लोड नहीं ले रही." बंद करून जरा थांबलं की पुन्हा ठणठणीत. आणि बांधावर शेतकरी उभाच. "दादा, मिरग तोंडावर आलाय, तळं कवा व्हायचं?" 7 जून काय माझ्यासाठी थांबणार होता का?

आता मॉनिटरवर कोड स्वच्छ दिसत होता: 157, पुढं 18. यात गुपित काही नाही. असल्या मोठ्या मशिनींच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिनांना जे1939 नावाची एक सामाईक पद्धत असते. पहिला नंबर सांगतो दुखतंय कुठं, दुसरा सांगतो काय होतंय. 100 म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, 110 म्हणजे कूलंटचं तापमान, 97 म्हणजे डिझेलमध्ये पाणी, 157 म्हणजे रेलमधलं डिझेलचं प्रेशर. पण सगळी मेख दुसऱ्या नंबरात आहे, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. तिथं 3 किंवा 4 असेल तर व्होल्टेजची भानगड: वायर शॉर्ट, सॉकेटमध्ये पाणी, उंदरानं कुरतडलेलं वायरिंग, किंवा खरोखर सेन्सर. 5 असेल तर बहुतेक वायर तुटलीय. पण 18 किंवा 1 असेल तर प्रेशरच कमी पडतंय. 1 म्हणजे जास्तच गंभीर. 18 दिसला की आधी डिझेलची लाइन बघायची. सेन्सर बिचारा त्याचं काम चोख करतोय, ओरडून सांगतोय की बाबांनो, प्रेशर नाहीये. आणि हे त्यालाच काढून फेकणार! चोर शिरला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्यालाच हाकलायचं, तसलं हे.

हे मी मिस्त्रीला सांगितलं. तो हसला. "मालक, ते कोडबिड कंपनीवाल्यांचं असतंय, आमचा अनुभव हाय." टाकला नवा सेन्सर. दिवा त्याच दिवशी दुपारी परत हजर, तोच 157, तोच 18. पैसे? ते गेले. सेन्सर परत घेत नाहीत म्हणे, एकदा बसवला की बसवला.

दुसरा आला तो याच्याहून थोर. त्यानं थेट डिझेलचा पंपच दोषी ठरवला. मी म्हणालो, पंपापर्यंत डिझेल नीट पोचतंय का ते आधी बघू, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरकडून सुरुवात करू. तर यांना राग! वीस वर्षं काय झक मारली का, असा चेहरा. पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला, पाठवला शहरात. एवढा महागडा पंप, आणि ज्या नळीतून त्याला डिझेल येतं ती सोडून बघायला लागतो एक पाना. या लोकांना पानासुद्धा जड झालाय. इंजिन गरम होतंय म्हटलं की कूलंटचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून फेकणारी हीच जमात. रेडिएटरच्या जाळीत बोटभर धूळ बसलीय, ती दिसत नाही यांना.

बरं, कंपनीच्या इंजिनिअरला बोलवावं, तर तारीख मिळेना. मिळाली तर व्हिजिट चार्ज, गाडीभाडं, वर जीएसटी. लॅपटॉप त्याचाच, सॉफ्टवेअर त्याचंच, कुलूपबंद. 520192 पासून 524287 पर्यंतचे नंबर तर प्रत्येक कंपनीनं स्वतःपुरते वापरायचे, त्यांचा अर्थ कंपनीनं सांगितला तर कळणार. मशीन माझी, हप्ता माझा, डिझेल माझं, आणि माझ्या मशीनला काय झालंय हे मला सांगायचे पैसे वेगळे! फोनवर कोडचा अर्थ विचारला तर पलीकडची बाई म्हणते, "सर, साइटवर बघावं लागेल." अहो, नंबर वाचून दाखवतोय ना!

आणि ज्यानं मशीन विकली तो तर महात्माच. दाखवताना एकही दिवा नाही, एकही कोड नाही. नसणारच, आदल्या दिवशी स्कॅनर लावून सगळं क्लिअर मारलेलं. हे धंद्यातलं उघड गुपित आहे, तरी दलाल छातीवर हात ठेवून शपथा घेतो. जुनी पोकलेन बघायला जाताय ना, तर थंड इंजिनावर स्वतः चावी फिरवा. चावी ऑन केल्यावर इशाऱ्याचे दिवे एकदा पेटून विझले पाहिजेत. नाही पेटले तर बल्ब उडालाय, नाहीतर कुणीतरी काढलाय. मग चांगली तासभर कठीण जमिनीत लोडवर चालवायला लावा आणि नंतर कोड बघा. ज्याला विकायची घाई आहे तो लगेच म्हणेल, "अहो डिझेल कशाला जाळताय?" तिथूनच माघारी फिरा.

शेवटी छडा लावला तो ऑपरेटरनं. पंप नाहीच जागेवर, म्हणून पोरानं टाकीकडून येणारी नळी सोडली. टाकी भरलेली, नळीच्या वरच्या अंगाला. धार लागायला हवी. येत होतं थेंब थेंब. टाकी खालून खोलली तर तळाच्या जाळीवर काळा, बुळबुळीत गाळ आणि पोत्याच्या चिंध्या. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं उघड्या बॅरलमधून डिझेल ओतलेलं, ना गाळणी ना झाकण. रिकाम्या इंजिनाला थोडं डिझेल लागतं, तेवढं पुरायचं. लोड आला की जास्त लागायचं, गाळ जाळीला चिकटायचा, प्रेशर पडायचं. बंद केलं की गाळ खाली बसायचा. कोड पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता.

टाकी धुतली, जाळी साफ केली, दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाकले. पंप कॅलिब्रेशनवरून परत आला, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. तपासणीचे पैसे मात्र पूर्ण.

आणि आता तो वीस वर्षांचा अनुभववाला फोन करतोय. पंप उतरवल्याची मजुरी बाकी आहे म्हणे, आणि परत बसवायची वेगळी होईल. पंप मी आणि पोरगा मिळून बसवतोय. त्यानं मजुरी मागायला साइटवर यावंच एकदा, टाकीतला गाळ मी डब्यात भरून ठेवलाय, तो घेऊन जा म्हणावं.