मागच्या रांगेतल्या हंसिणी

बॅलेला जायचं असलं की मी सगळ्यांत वरच्या बाल्कनीचं तिकीट काढते. सुरुवात कंजूषपणातून झाली, हे कबूल. पण आता कुणी पुढच्या रांगेतलं तिकीट फुकट देऊ केलं, तरी मी दोनदा विचार करेन.

पहिल्यांदा गेले तेव्हा 'स्वान लेक' होतं. वर बसून आधी चरफडले. नर्तकांचे चेहरे वाटाण्याएवढे, आणि शेजारच्या बाई त्यांची दुर्बीण क्षणभरही खाली ठेवेनात. मग दुसऱ्या अंकात तळं आलं, निळसर उजेड आला, आणि पांढऱ्या हंसिणी एकामागून एक नागमोडी रांगेत आत येऊ लागल्या. रांग वळली, दुमडली, उलगडली आणि बघता बघता २४ जणींची जाळी विणून झाली. खाली बसलेल्यांना पहिल्या चार-पाच जणी आणि त्यांच्यामागे पांढरा गोंधळ दिसला असणार. मला अख्खी रांगोळी दिसत होती. दुर्बीण मागायची मी विसरूनच गेले.

तेव्हापासून माझे डोळे उघडले आहेत किंवा बिघडले आहेत म्हणा. नायिका मध्यभागी जीव ओतून नाचत असते आणि मी बघत असते तिच्यामागच्या रांगेतल्या सातव्या मुलीकडे. या समूहाला 'कोर द बॅले' म्हणतात. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावं शेवटी, बारीक अक्षरांत. माझं स्पष्ट मत असं की बॅले बघावा तो यांच्यासाठी. नायिकेचे व्हिडिओ घरबसल्या मिळतात. कोर मात्र कॅमेऱ्यात मावत नाही. कॅमेरा सारखा चेहऱ्याकडे धावतो, आणि नेमकी नक्षी बदलत असते तेव्हा आपल्याला नायिकेची हनुवटी दिसत असते. चिडचिड होते नुसती.

'स्वान लेक'चीच गोष्ट घ्या. १८७७ मध्ये मॉस्कोत पहिला प्रयोग झाला, तो फारसा गाजला नाही. आज आपण बघतो त्याचा पाया आहे १८९५ चा सेंट पीटर्सबर्गचा प्रयोग. तोवर त्याचा संगीतकार चायकोव्हस्की जाऊन सव्वा वर्ष होत आलं होतं, त्याला हे यश बघायला मिळालंच नाही. नृत्यरचनेसाठी नाव घेतलं जातं पेतिपाचं. पण तळ्याकाठचे ते दोन्ही पांढरे अंक बसवले त्याच्या हाताखालच्या लेव इवानोव्हने. म्हणजे मागच्या रांगेतल्या मुलींना अजरामर करणारा माणूसही मागच्याच रांगेतला!

त्याच १८९५ च्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने तिसऱ्या अंकात ३२ फ्वेते घेतले. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा चाबूक करत ३२ गिरक्या. तेव्हापासून हा आकडा बॅलेच्या मानगुटीवर बसलाय. प्रेक्षागृहात माझ्या आजूबाजूला लोक चक्क मोजतात, ओठ हलताना दिसतात. दहाव्या-बाराव्या गिरकीला टाळ्या सुरू होतात आणि वाद्यवृंद त्यात बुडून जातो. गिरक्या थरारक असतात, माझेही हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू. पण फ्वेते मोजणाऱ्यांतले किती जण दुसऱ्या अंकातल्या त्या दीर्घ युगुलनृत्यात कडेला उभ्या असलेल्या मुलींकडे बघतात? व्हायोलिन एकटं गात असतं, पुढे चेलो त्याला साथ द्यायला येतो, राजपुत्र आणि हंसिणींची राणी ओडेट एकमेकांना शोधत असतात. आणि कडेच्या हंसिणी मनगटं एकमेकांवर टाकून, मान एका बाजूला कलवून, वजन एकाच पायावर घेऊन उभ्या. कितीतरी मिनिटं. नाकाला खाज सुटली तरी उभ्या. पोटरीत गोळा आला तरी उभ्या. त्यानंतर लगेच नाचायचंच असतं. वरून बघताना ते आखडलेले पाय आठवून माझ्याच पोटऱ्या दुखू लागतात.

आणि आवाज! हा मला कुणी आधी सांगितलाच नव्हता. बॅले म्हणजे पिसासारखं तरंगणं, अशी माझी समजूत. 'जिझेल'च्या दुसऱ्या अंकात विली येतात. लग्नाआधीच मेलेल्या मुलींची ही भुतं, अंगावर धुक्यासारखे झगे. एक पाय मागे उचलून, दुसऱ्यावर सरकत्या उड्या घेत त्यांचे दोन गट समोरासमोर येतात आणि एकमेकांच्या रांगांतून आरपार निघून जातात. तेव्हा संगीताच्या खालून ऐकू येतं: धप्, धप्, धप्. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहण्यासाठी घालतात त्या पॉइंट शूजच्या टोकात लाकूड किंवा लोखंड असतं असं मला वाटायचं. तसं काही नसतं. कापड, कागद आणि गोंद यांचे थर वाळवून ते टोक कडक केलेलं असतं. आवाज कमी व्हावा म्हणून मुली नवे शूज भिंतीवर आपटून मऊ करतात, तरी तो उरतोच. मला तो उरलेला आवाज फार आवडतो. भुतांना वजन आहे, हे फक्त तिथे बसलेल्यालाच कळतं. ध्वनिमुद्रणात तो दबलेला तरी असतो, नाहीतर गायब.

'ला बायादेर'बद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. हाही १८७७ चाच, पेतिपाचा. बायादेर म्हणजे देवळात नाचणारी. हिंदुस्थानातली गोष्ट म्हणून जे काही त्यात घडतं, ते बघताना आपल्याला हसावं की रडावं कळत नाही. निकिया आणि सोलोर ही नावं कुठल्या गावची म्हणायची? पण मग सोलोर अफू ओढतो, त्याला सावल्यांचं राज्य दिसतं आणि माझी सगळी तक्रार गळून पडते. उतरत्या फळीवरून एक पांढरी मुलगी येते, पाय मागे उचलून पुढे झुकते, सावरते, दोन पावलं टाकते. तिच्यामागे दुसरी. तेच. मग तिसरी. तेच. काही ठिकाणी २४ जणी असतात, काही ठिकाणी ३२. सगळ्यांत आधी आलेलीला तीच हालचाल शेवटची मुलगी येईपर्यंत करत राहायचं असतं, आणि तिचा तोल गेला तर लपायला जागा नाही. कुणीही मान वळवून शेजारणीकडे बघत नाही, सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून. माझा एक मित्र इथे झोपला होता. मैत्री टिकली, पण त्याला पुन्हा नेलं नाही.

नृत्यरचनाकार बॅलॅन्शिनने १९३४ मध्ये अमेरिकेत 'सेरेनेड' हा बॅले बसवला तो विद्यार्थिनींवर. पहिल्या दिवशी सतराजणी आल्या, म्हणून पडदा उघडतो तेव्हा आजही सतराजणी उभ्या असतात. तालमीला एकजण उशिरा आली, एकजण पडली. दोन्ही गोष्टी त्याने रचनेत ठेवून दिल्या.

याची आठवण यायचं कारण, गेल्या वेळचं 'स्वान लेक'. चौथ्या अंकात जागा बदलताना एका हंसिणीच्या डोक्यावरचा पिसांचा साज सुटून खाली पडला, मंचाच्या ऐन मधोमध. एवढ्या उंचीवरूनही तो पांढरा ठिपका मला स्पष्ट दिसत होता. त्याच्यावर कुणाचा पाय पडला असता तर घोटाच गेला असता. २४ जणी धावत त्याच्या बाजूने गेल्या, पुन्हा आल्या, रांग कुठेही वाकडी झाली नाही. मी खुर्चीच्या कडेवर. मग सगळ्या जणी गुडघ्यावर बसून पुढे वाकतात, हात पंखांसारखे जमिनीला टेकवतात, ती जागा आली. सगळ्या एकाच श्वासात वाकल्या, एकाच श्वासात उठल्या. आणि ठिपका नव्हता.

शेवटी पडदा पुन्हा उघडला. नायिकेला फुलं मिळाली, संगीतसंचालकाला टाळ्या मिळाल्या. अर्धे लोक गाडी काढायची घाई असल्यासारखे उठून चालू लागले होते. कोरच्या मुली एका ओळीत पुढे आल्या आणि एकसारख्या झुकल्या. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत डोकी तपासली. साज नसलेलं एकही डोकं दिसलं नाही. पडद्यामागच्या त्या मिनिटभरात कुणीतरी तो परत खोचलाही होता.